गेममधली काटकसर आणि विश्वाबद्दलचा संशय

जग म्हणजे कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर चाललेला गेम असेल का, असा विषय निघाला की कुणीतरी ‘हे तर शंकराचार्यांनी कधीच सांगून ठेवलंय’ म्हणून मोकळं होतं. त्यात जरा घाई होते. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात आचार्य उलट, बाहेर वस्तू नाहीतच, सगळं मनातलंच आहे, असं मानणाऱ्या विज्ञानवादी बौद्धांचं म्हणणं खोडून काढतात. जागेपणीचा अनुभव स्वप्नासारखा नाही, स्वप्नात पाहिलेलं जाग आल्यावर खोटं ठरतं, जागेपणी दिसलेला खांब तसा खोटा ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. १६४१ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने, एखादा कपटी सैतान आपल्याला सतत फसवत असेल तर काय, असा प्रश्न केला. या जुन्या शंकांमध्ये स्वप्न होतं, सैतान होता, पण जमाखर्च नव्हता. आजच्या प्रश्नात तो आहे. एवढं जग चालवायला मेमरी किती लागेल, गणित किती करावं लागेल, आणि हात कुठे आखडता घ्यावा लागेल? असा विचार करायची सवय बऱ्याच अंशी गेम लिहिणाऱ्यांनी लावली.

१९६२ मध्ये एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या यंत्रावर ‘स्पेसवॉर’ तयार केला. दोन यानं, मधोमध एक तारा, आणि ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण यानांना ओढून घेणार. यानांतून सुटणारे टॉर्पेडो मात्र सरळ जायचे. तारा त्यांचं काहीही वाकडं करू शकत नसे, कारण प्रत्येक टॉर्पेडोसाठी गुरुत्वाकर्षणाचं गणित करण्याची त्या यंत्राची ऐपत नव्हती. गंमत अशी की मागचं आकाश अस्सल होतं. रसेलने वाटेल तसे टाकलेले ठिपके पीटर सॅमसनला खटकले आणि त्याने नकाशावरून पाचव्या प्रतीपर्यंतचे, म्हणजे नुसत्या डोळ्यांना अंधुक दिसणाऱ्यांपर्यंतचे, खरे तारे तिथे बसवले. त्या गेममध्ये एखादा खगोलशास्त्रज्ञ राहत असता तर आकाश पाहून त्याला काही वावगं वाटलं नसतं. टॉर्पेडो पाहिल्यावर मात्र त्याची झोप उडाली असती.

काटकसरीची खरी कमाल झाली ती १९८४ च्या ‘एलीट’मध्ये. बीबीसी मायक्रो या घरगुती कॉम्प्युटरची मेमरी होती ३२ केबी, त्यातला मोठा भाग स्क्रीनच खायचा. उरलेल्या जागेत डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी ८ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. हे ग्रह कुठेही साठवलेले नव्हते. ४८ बिटांची एक बीजसंख्या घ्यायची, ठरलेल्या बेरजा करत पुढे जायचं आणि निघणाऱ्या आकड्यांवरून ग्रहाचं नाव, राज्यव्यवस्था, रहिवाशांचं वर्णन तिथल्या तिथे पाडायचं. खेळणारा निघून गेला की ग्रह गायब. तो परत आला की तोच ग्रह, त्याच नावाचा. दोघांचा मूळ बेत २ च्या ४८ व्या घाताएवढ्या आकाशगंगांचा होता. प्रकाशकांनी त्यांना आवरलं, कारण एवढ्या आकाशगंगा पाहिल्यावर त्यांच्यामागचं गणित उघडं पडलं असतं. पुढे २०१६ मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ने अशीच युक्ती २ च्या ६४ व्या घातापर्यंत नेली. ती संख्या १८ वर १८ शून्यं देऊन होते त्याहूनही थोडी मोठी आहे.

दरम्यान वेगळ्या वाटेने काही माणसं विश्वाकडेच गणनयंत्र म्हणून पाहू लागली होती. जर्मन अभियंता कोनराड त्सुझेने १९६९ मध्ये पुस्तकरूपाने मांडलं की अवकाश हे छोट्या छोट्या पेशींचं जाळं असून ते पायरीपायरीने स्वतःचं गणित सोडवत असावं. पुढच्याच वर्षी जॉन कॉनवेचा ‘लाइफ’ हा गेम जगापुढे आला. चौकटींचा कागद, प्रत्येक घर जिवंत किंवा मृत, आणि ते घर आत्ता कसं आहे नि शेजारची किती घरं जिवंत आहेत एवढ्यावर पुढची पिढी ठरते. पाच घरांची ‘ग्लायडर’ ही आकृती चार पिढ्यांत एक घर तिरकी सरकते. सरकत तर काहीच नसतं, घरं नुसती लागतात नि विझतात, तरी डोळ्यांना एक किडा चालताना दिसतो. पुढे याच नियमांत संपूर्ण कॉम्प्युटर रचता येतो हेही सिद्ध झालं.

हे सगळं पदरात घेऊन तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉमचा निबंध २००३ मध्ये आला. ‘आपण सिम्युलेशनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर चालवलेल्या आभासी जगात, आहोत’ असं त्यात सिद्ध केलेलं नाही, हे हटकून विसरलं जातं. त्याचं म्हणणं असं, की तीनपैकी एक गोष्ट तरी जवळपास नक्की खरी असणार: तेवढं तंत्रज्ञान हाती येण्याआधीच बहुतेक संस्कृती संपतात, किंवा हाती येऊनही त्यांना पूर्वजांचं सिम्युलेशन चालवण्यात रस नसतो, किंवा आपण जवळपास नक्कीच अशा सिम्युलेशनमध्ये आहोत. चेतना मेंदूखेरीज इतर यंत्रणेतही निपजू शकते, हे त्याने मुळात गृहीत धरलंय. त्याचा हिशेब तर थेट गेमवाल्यांचा वाटावा असा आहे: पृथ्वीच्या पोटातले बारकावे गाळावेत, दूरच्या ताऱ्यांचं ढोबळ चित्र ठेवावं, आणि कुणाला काही खटकलंच तर त्याचा मेंदू दुरुस्त करावा किंवा काही सेकंद मागे जाऊन प्रसंग पुन्हा चालवावा.

२०१६ मध्ये इलॉन मस्कने ‘पाँग’ या जुन्या, साध्या गेमपासून आजच्या गेमपर्यंतच्या चाळीस वर्षांच्या प्रगतीचा दाखला देत, आपण मूळ वास्तवात असण्याची शक्यता अब्जावधींत एक असल्याचं सांगितलं आणि विषय घरोघरी पोचला. मला हा दाखला लंगडा वाटतो. चाळीस वर्षांत चित्र सुधारलं; गेममधल्या पात्राला काही जाणवतं का, या प्रश्नात त्याने काय फरक पडला? तसाच आणखी एक लाडका पुरावा म्हणजे क्वांटम जग, अतिसूक्ष्म कणांचं जग: ‘पाहिल्याशिवाय तिथे काही ठरत नाही, म्हणजे मेमरी वाचवली जातेय’. हिशेब उलटा आहे. साध्या कॉम्प्युटरवर क्वांटम अवस्था पूर्ण लिहायची तर दोन अवस्थांचा एकेक कण वाढवताना लागणाऱ्या संख्या दुप्पट होत जातात. असे ३०० कण झाले की दृश्य विश्वात जितके अणू आहेत त्याहून जास्त संख्या लागतात. मेमरी वाचवू पाहणाऱ्याने हा खर्च कशाला अंगावर घेतला असता?

त्यापेक्षा २०१२ मध्ये सायलस बीन, जोहरेह दाऊदी आणि मार्टिन सॅव्हेज या भौतिकशास्त्रज्ञांनी सुचवलेली वाट सरळ आहे. अणुकेंद्रातल्या बलांचं गणित करताना त्यांच्या क्षेत्रात अवकाश सलग न मानता चौकोनी जाळीचे ठिपके मानतात, कारण सलग अवकाश कॉम्प्युटरला परवडत नाही. विश्व चालवणाराही अशीच बचत करत असेल, तर सर्वाधिक ऊर्जेचे विश्वकिरण (अवकाशातून पृथ्वीवर येणारे वेगवान कण) सगळ्या दिशांना सारखे वागणार नाहीत, जाळीची दिशा त्यांच्यात उमटेल. अशा किरणांची ऊर्जा ज्या टोकापलीकडे जाताना दिसत नाही त्यावरून त्यांनी मर्यादाही काढली. जाळी असलीच तर तिच्या दोन ठिपक्यांतलं अंतर साधारण १० चा उणे २७ वा घात मीटर किंवा त्याहून कमी असावं. चालवणाऱ्याने याहून बारीक जाळी घेतली असेल, किंवा जाळीच वापरली नसेल, तर ही कसोटी त्याला पकडू शकत नाही.