पोटावरून आतड्याची लय: शोध कुठे अडला होता?

छातीवर इलेक्ट्रोड लावून हृदयाचा आलेख काढतात, तसा पोटावरून आतड्याचा का काढत नाहीत? या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात जठरापासून होते.

ऑक्टोबर १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वॉल्टर अल्वारेझ या डॉक्टरांनी एका वृद्ध स्त्रीच्या पोटावरून जठराचा विद्युत-आलेख घेतला. तिच्या पोटाची भिंत इतकी पातळ होती की जठराची आकुंचने वरून नुसत्या डोळ्यांना दिसत. म्हणूनच कागदावर उमटलेली, मिनिटाला तीनदा येणारी लहर जठराचीच आहे याची खातरजमा करता आली. पुढे मात्र हा विषय बराच काळ पडून राहिला. १९५०च्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी तो पुन्हा हाती घेतला, आणि संगणकाने लहरींचे वारंवारतेनुसार पृथक्करण होऊ लागल्यावर जठराच्या आलेखाला खरी गती आली.

लहान आतडे तेव्हाही हाती लागले नाही. त्याची मंद विद्युत लहर सुरुवातीच्या भागात मिनिटाला सुमारे १२ वेळा येते, शेवटाकडे ती ८-९ वर उतरते. श्वासाची हालचालही आलेखात उमटते, आणि तोही मिनिटाला १२ ते २० च्या घरात असतो. शिवाय जठराची लहर अगदी गुळगुळीत नसते. तिच्या तिप्पट-चौपट वारंवारतेचे पडसाद आलेखात उमटतात, आणि तिनाची चौपट म्हणजे नेमके १२! त्यात आतड्याचा संकेत मुळातच क्षीण, वर त्वचेपर्यंत पोचताना चरबी आणि स्नायूंचे थर ओलांडायचे. म्हणून १९९३ मध्ये त्वचेवरच्या इलेक्ट्रोडने माणसाच्या लहान आतड्याची लय नोंदवल्याचे संशोधन प्रसिद्ध झाले, त्याचे मोल मला फार वाटते.

मंद लहर सापडली तरी अर्धेच काम झाले. ती आतडे शांत असतानाही चालूच असते. आतडे आकुंचन पावते आहे की नाही, हे सांगतात तिच्यावर स्वार होणारे झटपट स्पाइक, म्हणजे विजेचे टोकदार ठोके. १९६९ मध्ये कुत्र्यांच्या आतड्यात अशा स्पाइकची एक लाट उपाशीपोटी वरून खाली सरकत जाते, असे दिसले. माणसात ही लाट साधारण दीड ते दोन तासांनी येते. व्हॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातील संशोधकांनी कुत्र्यांच्या आतड्यावर बसवलेल्या इलेक्ट्रोडची नोंद आणि पोटावरची नोंद एकाच वेळी घेऊन पडताळली. स्पाइकची वारंवारता श्वासापेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे तिथे श्वास आड येत नाही, म्हणून हे त्यांना साधले. पुढे त्यांनी एकात एक वर्तुळे असलेले इलेक्ट्रोड वापरले. असा इलेक्ट्रोड दूरवरून, म्हणजे मुख्यतः हृदयाकडून, येणारा संकेत बराच दाबतो आणि खालचा संकेत उठावदार करतो.

याच सुमारास अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात वेगळी वाट चोखाळली जात होती. विद्युतप्रवाह असेल तिथे चुंबकीय क्षेत्र असते, आणि शरीराचे थर त्याला विद्युतदाबाइतके विस्कटत नाहीत. स्क्विड नावाच्या अतिसंवेदनशील चुंबकीय मापकाने तिथल्या संशोधकांनी आतड्याची लय शरीराबाहेरून टिपली. रक्तपुरवठा तुटलेल्या आतड्याची लय मंदावते, हेही प्राण्यांमध्ये दाखवले. पण स्क्विडला द्रवरूप हीलियमची थंडी लागते, त्यामुळे ते रुग्णाच्या खाटेशी नेणे अवघड.

आतड्याचा रक्तपुरवठा तुटणे हा आजार उशिरा कळला की जीव जातो, आणि सुरुवातीला पोटदुखीपलीकडे फारशी खूण नसते. म्हणूनच पोटावरून आतड्याचा आलेख हवा. जठरासाठी पोटावर लावायची ६४ इलेक्ट्रोडची पट्टी २०२२ मध्ये अमेरिकेत वापरासाठी मंजूर झाली. आतड्याची पट्टी अजून प्रयोगशाळेतच आहे.