जनुकपरिवर्तित कीटकांचा नैतिक विचार : ग्रामीण विदर्भ

कीटकाच्या जनुकसंचात प्रयोगशाळेत फेरफार करून तो मोकळ्या शेतात, गावात किंवा जंगलात सोडावा काय, सोडायचा झाल्यास संमती कोणाची घ्यावी आणि काही बिघडल्यास भरपाई कोणी द्यावी, या प्रश्नांचा विचार. किडीची संख्या घटविणे, कीटकनाशकांची गरज कमी करणे व रोगप्रसार रोखणे ही अशा कीटकांची अपेक्षित कामे होत. विदर्भाच्या कापूसपट्ट्यात असा कीटक अद्याप सोडलेला नाही. तेथे हा विचार प्रामुख्याने गुलाबी (शेंदरी) बोंडअळीच्या संदर्भात करावा लागतो.

तंत्राची पूर्वपीठिका : वांझ नर मोठ्या संख्येने सोडले की माद्यांची अंडी उबत नाहीत व कीड पिढ्यागणिक घटते. या कल्पनेचे श्रेय सामान्यतः अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ ई. एफ. निपलिंग यांना देतात. तथापि सोव्हिएत आनुवंशिकीतज्ज्ञ ए. एस. सेरेब्रोव्स्की यांनी 1940 मध्ये गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून कीड रोखण्याचा मार्ग मांडला होता, तर त्सेत्से माशीवरील (आफ्रिकेतील निद्रारोग पसरविणारी माशी) एफ. एल. व्हँडरप्लँक यांचे काम साधारण त्याच दशकातले. कल्पना तिघांना स्वतंत्रपणे सुचली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रत्यक्ष यश मात्र निपलिंग यांच्या किरणोत्साराच्या पद्धतीला आले (कॅरिबियन समुद्रातील कुरासाओ बेट, 1954).

पतंगवर्गीय कीटक वांझ करण्यास किरणोत्साराची मात्रा बरीच लागते आणि तिने ते दुबळे होतात. म्हणून जनुकीय उपाय पुढे आला. प्रवाळातील लाल चकाकणाऱ्या प्रथिनाचे जनुक घातलेले बोंडअळीचे पतंग 2006–08 मध्ये अ‍ॅरिझोनात सोडण्यात आले. जनुक केवळ ओळखीपुरते होते, वांझपणा किरणोत्साराचाच. अमेरिकेने 2018 मध्ये या अळीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले, ते बीटी कापूस (जिवाणूच्या जनुकामुळे अळीला मारक प्रथिन तयार करणारे वाण), कामगंध (पतंगांचे मीलन चुकविणारे गंधद्रव्य) व अब्जावधी किरणोत्सारित पतंग यांच्या जोरावर. प्रचारपत्रकांत हे यश सरसकट जनुकपरिवर्तित पतंगांच्या खात्यावर मांडलेले दिसते, ते बरोबर नाही. जीन ड्राइव्ह ही शाखाही वेगळी धरावी. वांझ पतंग सोडणे थांबविले की परिणाम ओसरतो. जीन ड्राइव्हमध्ये घातलेले जनुक निम्म्याऐवजी जवळजवळ सर्व संततीत उतरते आणि पुढे आपोआप पसरू शकते.

अळीचे मूळस्थान : हा वाद वरकरणी वर्गीकरणाचा, पण नैतिक विचार येथेच अडतो. डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स यांनी 1843 च्या सुमारास या अळीचे वर्णन केले, ते भडोच येथील सरकारी कापूस मळ्यांतून आलेल्या नमुन्यांवरून. त्यावरून ती मूळची भारतातील, असे दीर्घकाळ मानले गेले. आय. एफ. बी. कॉमन यांनी 1958 मध्ये ही अळी जिच्यात मोडते त्या पेक्टिनोफोरा प्रजातीची फेरतपासणी केली. या प्रजातीतील इतर जाती ऑस्ट्रेलियात आढळतात, हे ध्यानात घेऊन त्यांनी मूळस्थान हिंदी महासागराच्या पूर्वेकडे, वायव्य ऑस्ट्रेलिया व इंडोनेशियाच्या बाजूला सुचविले. नमुना प्रथम कोठे मिळाला यापेक्षा सगोत्र जाती कोठे नांदतात याला अधिक वजन द्यावे लागते, त्यामुळे कॉमन यांच्या मताकडे कल झुकतो. इजिप्तमार्गे मेक्सिको आणि 1917 मध्ये टेक्सास, हा पुढचा प्रवास मात्र बहुतेकांना मान्य आहे. अमेरिकेत अळी परकी असल्याने तिचे समूळ उच्चाटन म्हणजे आगंतुकाला घालविणे, असा युक्तिवाद तेथे सहज चालला. विदर्भात तो तसाच उचलता येत नाही. येथे ती निदान पावणेदोनशे वर्षे मुरलेली आहे.

विदर्भातील स्थिती : अळी फुलात शिरली की पाकळ्या आतून विणल्या जाऊन फूल उमलत नाही. त्यास डोमकळी म्हणतात. बोंडात शिरल्यावर छिद्र बुजते, वरून बोंड निरोगी दिसते आणि फवारा आत पोचत नाही. वेचणीच्या वेळी हाती कवडी (किडका, डागाळलेला कापूस) लागते. बीटी वाण 2002 पासून आले. अळीत प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये म्हणून पाकिटासोबत दिलेले बिगर-बीटी सरकीचे बी फारसे कोणी पेरले नाही, फरदड (हंगामानंतरही शेतात राखलेले कापसाचे पीक) लांबविली गेली आणि अळीत प्रतिकारशक्ती आली. 2017 मध्ये बोंडअळीचा उद्रेक झाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-मजूर दगावले. त्यामुळे ‘निसर्गात ढवळाढवळ नको’ हा आक्षेप येथे एकटा टिकत नाही. पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत (कपाशीच्या उभ्या पिकात) शिरणारा बहुधा रोजंदारीचा मजूर असतो, आणि आजच्या पद्धतीची किंमत त्याच्या अंगावर पडते.

संमतीचा प्रश्न : अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे जून 2019 मध्ये शेतकऱ्यांनी मान्यता नसलेले तणनाशकसहिष्णू कापसाचे बी जाहीरपणे पेरले. बियाण्याबाबत ‘माझे शेत, माझा निर्णय’ हे म्हणणे निदान मांडता तरी येते. पतंगाला धुरा (शेताचा बांध) ठाऊक नसतो, म्हणून एकट्या शेतकऱ्याची संमती अपुरी ठरते. सामूहिक निर्णयाचा दाखला विदर्भातच आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) ग्रामसभा अभ्यासगटात विषय समजून घेऊन सर्वसहमतीने ठरविते. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा (1996) यवतमाळच्या केळापूर, घाटंजी या कापूस पिकविणाऱ्या भागांतील अनुसूचित गावांनाही लागू होतो, परंतु त्यात कीटकांचा उल्लेख नाही. जैवविविधता कराराच्या सदस्य राष्ट्रांनी 2018 मध्ये जीन ड्राइव्हबाबत स्थानिक व आदिवासी समुदायांच्या पूर्वसंमतीचा मुद्दा मान्य केला आहे.

माहिती दडवली गेल्याची नुसती शंकाही काय करते, हे दिल्लीतील डासनियंत्रण प्रकल्पात दिसले. जागतिक आरोग्य संघटना व भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांचा हा प्रकल्प 1969–70 च्या सुमारास सुरू झाला. पैसा अमेरिकेचा होता. जैविक युद्धाचा संशय संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेला आणि सोनीपत येथे वांझ एडिस डास सोडण्याचा बेत 1975 मध्ये बारगळला. ते डास जनुकपरिवर्तित नव्हतेच.

कायदा : पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 खालील 1989 चे नियम लागू होतात. मंजुरीचा विचार जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समिती करते. जैवतंत्रज्ञान विभागाने 2023 मध्ये अशा कीटकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली.

इतर कीटक : पूर्व विदर्भातील हिवताप व हत्तीरोग यांच्या संदर्भात डासांचाही विचार होऊ शकतो. भंडारा, गडचिरोली भागात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर ढिवर लोक कोसा रेशमाच्या अळ्या पाळतात. कोशाचा पतंग व बोंडअळीचा पतंग यांची कुले वेगळी असून त्यांचा संकर होत नाही, तेव्हा जनुक एकातून दुसऱ्यात जाईल ही भीती अनाठायी आहे. कीटकनाशकाचा फवारा उडून आला तर मात्र कोशाच्या अळ्या मरतात.