झे सेर्जिओ : डाव्या बगलेतून कोतियाकडे

१९८२च्या विश्वचषकातल्या ब्राझीलच्या फुटबॉल संघाचा विषय निघाला की झिको, सॉक्रेटिस, फाल्काव ही नावे आधी येतात. डावीकडे तेव्हा एडेर खेळला. त्याआधी जेमतेम दीड वर्षापूर्वी ती जागा साव पावलो क्लबच्या झे सेर्जिओंची होती.

ब्राझीलच्या डाव्या बगलेचा इतिहास जरा वेगळा आहे. उजवीकडे गारिंचासारखा बचावपटूला थेट भिडणारा विंगर (म्हणजे बगलेतून चढाई करणारा खेळाडू), तर डावीकडे १९५८ आणि १९६२मध्ये झागालो, जो मागे येऊन मधल्या फळीला हात देई. १९७०मध्ये ११ क्रमांकाची जर्सी घालून तिथे खेळलेला रिव्हेलिनोही मुळात मधल्या फळीचाच. रेषेला चिकटून खेळणारा, ड्रिब्लिंग करत, म्हणजे चेंडू पायाशी खेळवत बचावपटूंना चकवत आत घुसणारा अस्सल डावा विंगर राष्ट्रीय संघाला क्वचितच लाभला. झे सेर्जिओ तसे होते, आणि नात्याने रिव्हेलिनोचे भाऊबंद. १९७८च्या विश्वचषक संघात दोघेही होते.

जन्म १९५७चा, साव पावलोतला. १९७७च्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना प्रत्यक्षात मार्च १९७८मध्ये झाला. अॅटलेटिको मिनेइरोच्या घरच्या मैदानावर गोलशून्य बरोबरीनंतर साव पावलोने पेनल्टींवर ३-२ अशी बाजी मारली. क्लबचे हे पहिलेच राष्ट्रीय विजेतेपद, आणि झे सेर्जिओ त्या संघात होते. पुढे १९८० व १९८१मध्ये साव पावलो राज्याच्या स्पर्धेची विजेतेपदेही आली. जानेवारी १९८१मध्ये उरुग्वेच्या माँटेव्हिडिओतल्या मुंदियालितो या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ब्राझीलने पश्चिम जर्मनीला ४-१ने धूळ चारली, त्यात एक गोल त्यांचा होता. त्या संध्याकाळी हा माणूस पुढच्या विश्वचषकाला नसेल असे कोण म्हणाले असते!

दुखापतींनी ते घडवले. १९८२चा विश्वचषक हुकला. नंतर सांतोसकडून १९८४चे राज्य विजेतेपद, मग रिओचा वास्को क्लब, आणि शेवटी जपानमध्ये हिताची, म्हणजे आजचा काशिवा रेयसोल क्लब.

साव पावलोत परतल्यावर त्यांनी किशोरवयीन संघांचे प्रशिक्षण हाती घेतले. शहराबाहेर कोतिया इथे क्लबने २००५मध्ये युवा केंद्र उभारले. तिथे तयार झालेल्यांत कासेमिरो आणि लुकास मौरा आहेत. चेंडू पायात घेऊन बचावपटूच्या अंगावर जाणारा लुकास २०१२मध्ये ४ कोटी युरोंहून अधिक किमतीला पॅरिस सेंट-जर्मेन क्लबने घेतला. मोठ्या विंगर्सच्या यादीत झे सेर्जिओंचे नाव सहसा नसते. माझ्या मते ते असायला हवे, आणि बरेच वर असायला हवे.