घडियाल : पिल्लं सोडली, पण वाळू कुठे आहे?

मार्चअखेरीस चंबळच्या उंच, कोरड्या वाळूत घडियालाची, म्हणजे लांब, अरुंद जबड्याच्या सुसरीची, मादी मागच्या पायांनी खड्डा करते आणि एका रात्रीत तीस-चाळीस अंडी घालून तो बुजवते. ही अंडी संवर्धन केंद्रात नेऊन उबवायची तर पहिला नियम असा, की अंडं जसं सापडलं तसंच उचलायचं. घातल्यानंतर दिवसभरातच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो; अंडं उलटं झालं की तो मरतो. म्हणून आधी प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीची खूण, मग घरट्यातलीच ओलसर वाळू भरलेल्या पेटीत तीच बाजू वर. तापमानावर तर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं, कारण पिल्लू नर होणार की मादी, हे तेच ठरवतं. दोन-अडीच महिन्यांनी वाळूखालून पिल्लांचा आवाज येतो. नदीवर तो ऐकून आई वाळू उकरते. केंद्रात हे काम माणसाने वेळेवर केलं नाही, तर पिल्लं आतच दगावतात.

जेमतेम फूटभर लांबीची ही पिल्लं नदीत असतील तर पहिल्या पुरातच बहुतेक वाहून जातात. म्हणून लखनौजवळच्या कुकरैल किंवा मुरैन्याजवळच्या देवरी केंद्रात ती दोन-तीन वर्षं वाढवतात. साधारण सव्वा मीटरची झाली की शेपटीवरचे खवले ठरावीक क्रमाने कापून ओळख ठेवायची आणि सोडून द्यायची. 1975 मध्ये मगर-सुसरींच्या संवर्धनाचा मगर प्रकल्प सुरू झाल्यापासून अशी हजारो सोडली गेली. तरीही 2007 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने घडियालाला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवलं.

कारण सोडणं हा त्यातला सोपा भाग. शंभरावर दातांचा तो अरुंद जबडा मासे पकडायला अप्रतिम, पण नायलॉनच्या जाळ्यात तितकाच पटकन अडकतो. मग श्वासासाठी वर येता येत नाही आणि जन्मभर पाण्यात राहिलेला प्राणी बुडून मरतो. 2007-08च्या हिवाळ्यात चंबळच्या खालच्या टप्प्यात शंभरावर घडियाल मेले. मूत्रपिंडं निकामी होऊन अंगात युरिक आम्ल साचलं होतं. यमुनेतून आलेल्या दूषित माशांवर संशय होता.

आमच्या मते, खरी अडचण वाळूची आहे. मोठं घडियाल मगरीसारखं पोट उचलून चालू शकत नाही, घसटत सरकतं. त्यामुळे घरट्याची वाळू खोल पाण्याला लागूनच हवी, आणि वाळू उपसणारे ट्रॅक्टरही नेमके तिथेच उतरतात. पाणी फार उतरलं तर बेटं काठाला जोडली जातात आणि कोल्हे-कुत्री घरट्यांपर्यंत पोहोचतात. वरच्या धरणातून अवेळी सोडलं तर अंडी बुडतात. निदान मार्च ते जून या काळात तरी वाळूउपसा पूर्ण बंद आणि पाण्याची पातळी स्थिर, एवढं जमवायला हवं.