सूचना व हरकती : मुंबईच्या विकास आराखड्यातील लोकसहभाग

शहरातील कोणत्या जमिनीवर घरे उभी राहावीत, शाळा, दवाखाना, मैदान वा रस्ता कोठे असावा आणि एखाद्या भूखंडावर किती बांधकाम करता यावे, हे ठरण्याआधी तेथे राहणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेण्याच्या प्रक्रियेला नगरनियोजनात लोकसहभाग म्हणतात. मुंबईकराच्या तोंडी मात्र तिचे नाव ‘सूचना व हरकती’ असेच आहे, कारण कायद्याने त्याच्यासाठी उघडलेले दार तेवढेच आहे : महापालिका आराखडा प्रसिद्ध करते, ठरावीक मुदतीत लेखी म्हणणे मागवते आणि नंतर सुनावणी घेते. 2011 च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख होती आणि त्यांपैकी 40 टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. एवढ्या दाटीच्या शहरात नकाशावरची एक रेघ सरकली, तरी कोणाचे तरी घर, दुकान किंवा मुलांची खेळायची जागा जाते.

या प्रक्रियेचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 हा आहे. त्यानुसार आधी विद्यमान भूवापराचे सर्वेक्षण करून नकाशा तयार होतो, मग प्रारूप विकास आराखडा कलम 26 खाली प्रसिद्ध केला जातो आणि आलेल्या हरकतींची सुनावणी कलम 28 मधील नियोजन समिती घेते. या समितीत महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. शेवटची मंजुरी राज्य शासनाची असते. हरकत घेणारा जमिनीचा मालक असावा, अशी अट कायद्यात नाही. मुंबईचा पहिला विकास आराखडा 1967 मध्ये मंजूर झाला. दुसरा 1991 ते 1994 या काळात टप्प्याटप्प्याने मंजूर झाला. तिसरा, म्हणजे विकास आराखडा 2034, हा लोकसहभागाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे.

तिसऱ्या आराखड्याची कहाणी हरकतींपासून नव्हे, तर सर्वेक्षणापासून सुरू होते, आणि प्रस्तुत नोंदीच्या लेखकाच्या मते खरा धडा तेथेच आहे. विद्यमान भूवापराचे नकाशे लोकांसमोर आले, तेव्हा नागरिक संघटनांनी आणि रहिवाशांनी ते घेऊन आपापल्या गल्ल्या पायी तपासल्या. कोठे शाळा नोंदलेली नव्हती, कोठे वस्तीच दिसत नव्हती, कोठे गावठाणाची हद्द चुकली होती. ‘हमारा शहर विकास नियोजन अभियान’ या मोहिमेने वस्त्यांमध्ये बैठका घेऊन नकाशा वाचायला शिकवले, तर नगररचनेच्या अभ्यासकांनी विषयवार सूचना तयार केल्या. महापालिकेनेही विषयवार आणि प्रभागवार कार्यशाळा घेतल्या. यातून जे साधले ते पुढे हरकतींसाठी मिळणाऱ्या साठ दिवसांत साधले नसते, कारण जी वस्ती सर्वेक्षणातच नाही, तिच्या जागी पुढे रस्ता वा उद्यान आखले गेले, तर ती चूक आहे असे कागदावर दिसतच नाही.

प्रारूप आराखडा 25 फेब्रुवारी 2015 रोजी प्रसिद्ध झाला. स्थानकांच्या परिसरात 8 पर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण), आरे वसाहतीतील जमीन विकासासाठी खुली करण्याचा प्रस्ताव, वारसा वास्तूंवरून आणि धार्मिक स्थळांवरून गेलेले रस्ते यांमुळे शहरभर संताप उसळला. विभाग कार्यालयांत लावलेल्या नकाशांसमोर त्या दिवसांत जे दृश्य दिसे, ते या विषयाचे सार सांगणारे आहे. माणूस आपली इमारत शोधतो ती विहीर, देऊळ, शाळा, रेशनचे दुकान या खुणांनी. नकाशाला माहीत असतो फक्त सिटी सर्व्हे क्रमांक. भिंतीवरच्या रंगीत चौकोनांवर बोट फिरवत चार जण एकमेकांना विचारतात, ‘आपला नंबर कुठला?’ मालमत्तेचा जुना कागद कोणाच्या तरी घरून येतो, बोट एका जागी थांबते, आणि तेव्हा कळते की आपली चाळ ज्या चौकोनात आहे त्यावर आरक्षण पडले आहे, म्हणजे ती जागा सार्वजनिक वापरासाठी राखली गेली आहे. मग अर्ज लिहायचा, त्याची पोच घ्यायची आणि सुनावणीच्या तारखेची वाट पाहायची. अहवाल आणि नियमावली मराठीत वेळेवर मिळावी, ही मागणी म्हणूनच वारंवार होत राहिली; स्वतःच्या घराविषयीचा कागद वाचण्यासाठी दुसऱ्याला गाठावे लागणे हा मोठा अन्याय आहे.

या आराखड्यावर 65 हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. मुदत संपण्यापूर्वीच, एप्रिल 2015 मध्ये, तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी चुका दुरुस्त करून आराखडा नव्याने मांडण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप मे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावर सुमारे 13 हजार सूचना व हरकती आल्या. त्यांच्या सुनावण्या नियोजन समितीने घेतल्या; 31 जुलै 2017 रोजी महापालिका सभागृहाने आराखडा मंजूर केला आणि मे 2018 मध्ये शासनाने, काही भाग वगळून, त्याला मंजुरी दिली. वगळलेल्या भागांवर पुन्हा स्वतंत्रपणे हरकती मागवाव्या लागतात.

लोकांच्या म्हणण्याने आराखड्यात काय बदलले, याची ठळक खूण महिला संघटनांच्या सूचनांमध्ये दिसते. नोकरदार महिलांसाठी बहुउद्देशीय निवास, आधार केंद्र (आधार कार्डाचे नव्हे, महिलांना आधार देणारे), बेघरांसाठी निवारा यांसारख्या सुविधांची आरक्षणे 2034 च्या आराखड्यात आली. मागील दोन आराखड्यांना अशी गरज जागेच्या भाषेत मांडताच आली नव्हती. कोळीवाडे व गावठाणे यांचे तसे झाले नाही. वरळी, वर्सोवा, खारदांडा, मढ येथील कोळी समाजाने सातत्याने सांगितले की कोळीवाडा म्हणजे फक्त घरांची दाटी नव्हे. होड्या ओढून ठेवायचा किनारा, बोंबील वाळत घालायची मोकळी जागा आणि जाळी विणायचे अंगण हेही त्यातच येते. घरांची हद्द आखली आणि वाळवणाची जागा ‘मोकळी जमीन’ म्हणून दाखवली, तर घर राहते आणि धंदा जातो. सीमांकनाचा हा प्रश्न आराखडा मंजूर झाल्यावरही लोंबकळत राहिला.

आराखड्याला मंजुरी मिळाली म्हणजे सारे ठरले, असेही नाही. कलम 37 खाली त्यात फेरबदल करता येतात आणि त्यासाठीही हरकती मागवल्या जातात. पण त्या सूचनेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गिरणगावाने याची किंमत मोजली आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 नुसार गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते : एक महापालिकेकडे मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी आणि एक मालकाकडे. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ ज्या जागेवर बांधकाम नव्हते तेवढ्या जागेपुरती उरली आणि सार्वजनिक वाटा फारच आक्रसला. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये फिरवला आणि दुरुस्ती कायम झाली. लालबाग-परळच्या माणसाला ती कळली तेव्हा मनोरे उभे राहू लागले होते.

घरांच्या पातळीवर लोकसहभागाचे रूप ‘संमती’ हे आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेला पूर्वी 70 टक्के पात्र रहिवाशांची संमती लागत असे. 2034 च्या आराखड्याच्या नव्या नियमावलीत ती 51 टक्क्यांवर आणली गेली. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासासाठी शासनाने 4 जुलै 2019 रोजी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79 अ खाली दिलेल्या निर्देशांतही 51 टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरवली आहे. तेथे निबंधकांच्या प्रतिनिधीची उपस्थिती आणि सभेचे चित्रीकरण या अटी आहेत, ही चांगली गोष्ट आहे. झोपडपट्टीत मात्र कोणाची संमती मोजायची, हे परिशिष्ट दोनमधील पात्रतेच्या यादीवर ठरते. 1 जानेवारी 2000 पर्यंतच्या झोपडीधारकांना मोफत आणि त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंतच्यांना सशुल्क घराची तरतूद आहे. भाड्याने खोली घेऊन राहणारा किंवा पोटमाळ्यावर वेगळा संसार थाटलेला माणूस त्या यादीत बहुधा नसतो, आणि आपल्या डोक्यावरचे छप्पर पाडण्याच्या निर्णयावर त्याची सही कोणी मागत नाही.