‘पिंजरामुक्त चिकन’साठी जास्त पैसे का मोजता? ब्रॉयलर आणि लेयर

मांसाची कोंबडी ब्रॉयलर, अंड्यांची लेयर, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ब्रॉयलर ४०-४५ दिवसांत दोन किलोच्या वर जाऊन विकला जातो. किलोभर वजनाला साधारण १.६ ते १.७ किलो खाद्य लागतं. बीव्ही-३०० या जातीसारखी लेयर १८-२० आठवड्यांची झाली की अंड्यावर येते आणि ७२ आठवड्यांपर्यंत तीनशेच्या आसपास अंडी देते. ब्रॉयलर लवकर वाढावा म्हणून हार्मोनची इंजेक्शनं देतात, ही अफवा आता सोडा. हजारो पक्षी एकेक करून टोचणं कोणालाच परवडणार नाही.

खरा घोळ पिंजऱ्याचा. आपल्याकडे पिंजऱ्यात असते ती लेयर. ब्रॉयलर भाताच्या तुसाच्या गादीवर वाढतो, पक्ष्यामागे साधारण एक चौरस फूट. तेव्हा ‘पिंजरामुक्त चिकन’ म्हणजे मुळात नसलेली गोष्ट काढून टाकल्याचे पैसे.

लेयरचा जुना हिशेब पिंजऱ्याच्या १५ बाय १२ इंचांच्या खणात तीन कोंबड्यांचा, म्हणजे एकीला ६० चौरस इंच. ए-फोर कागदाच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. पंख पसरता येत नाहीत, धुळीत लोळता येत नाही. कॅल्शियम अंड्याच्या कवचात जातं, हालचाल नाही, म्हणून हाडं ठिसूळ होतात आणि शेवटी खणातून ओढून काढताना मोडतात. युरोपीय संघाने असे साधे पिंजरे २०१२ पासून बंद केले. पोल्ट्रीवाल्यांचं म्हणणंही खोटं नाही: विष्ठा खाली पडते, अंडं स्वच्छ राहतं, कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा परजीवी रोग कमी होतो. जमिनीवर सोडल्यावर चोचीने एकमेकींना टोचणं आवरावं लागतं, तुसात घातलेली अंडी दिवसातून अनेकदा वेचावी लागतात. मजुरी वाढते, अंडं महागतं. तरीही माझं मत पिंजऱ्याविरुद्धच आहे.

ब्रॉयलरला छळतं ते त्याचं स्वतःचं शरीर. वजन इतक्या झपाट्याने वाढतं की पाय आणि हृदय मागे पडतात. पक्षी लंगडतो, पोटात पाणी होतं, एप्रिल-मेच्या उन्हात शेवटच्या आठवड्यात पटापट मरतो. तूस ओलं राहिलं की अमोनिया साठतो, तळव्यांना जखमा होतात. तूस नियमित उलथायला हवं, पाणी पिण्याच्या निपलची (तोटीची) गळती त्याच दिवशी थांबवायला हवी. चिकन घेताना विचारायचंच असेल तर जात हळू वाढणारी आहे का आणि शेडमध्ये गर्दी किती, हे विचारा.

आणखी एक. ब्रॉयलरचे नर-मादी दोन्ही वाढवतात. लेयरच्या जातीतले नर अंडी देत नाहीत, मांसही भरत नाहीत, म्हणून हॅचरीत, म्हणजे अंडी उबवणी केंद्रात, पहिल्याच दिवशी मारले जातात. पिंजरामुक्त अंड्यातही हा हिशेब बदललेला नसतो.