नवऱ्याच्या ट्रेडमिलवर बायको

व्यायाम सुरू करायला फारसं काही लागत नाही. तो टिकत नाही, ही खरी रड. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या अभ्यासकांनी आकडे जुळवले, तेव्हा व्यायामाच्या कार्यक्रमात नाव घातलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक सहा महिन्यांत गळत होते. आपण याचं खापर आळसावर फोडून मोकळे होतो. मानसशास्त्राला दुसरं उत्तर सापडलं, तेही सापांच्या वाटेने.

स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा सापाच्या धास्तीने जगणाऱ्या माणसांवर काम करत होते. पायरी-पायरीने पुढे सरकत ही माणसं बोआ जातीचा साप हाताळायला शिकत. बांडुरांचं लक्ष होतं ते ‘हे मला जमतंय’ या बदललेल्या समजुतीवर. १९७७ साली त्यांनी त्याचा सिद्धान्त मांडला. पुस्तकी मराठीत त्याला ‘स्वयंक्षमता’ वगैरे म्हणतात. मला ‘जमेल’ हाच शब्द पुरेसा वाटतो. हा सरसकट आत्मविश्वास नव्हे. सभा गाजवणारा माणूस दोन जिने चढायला कचरू शकतो. हा भरवसा येतो स्वतः करून पाहिल्यावर, आपल्यासारख्या कुणाला करताना बघून, कुणी धीर दिल्यावर आणि छातीतल्या धडधडीचा आपण काय अर्थ लावतो त्यावरून. यात करून पाहण्याचं पारडं सगळ्यांत जड.

ते किती जड, हे १९८५च्या एका अभ्यासात दिसलं. हृदयविकाराचा झटका येऊन तीन आठवडे झालेल्या तीस पुरुषांची ट्रेडमिल चाचणी घेतली. दहा जणांच्या बायका चाचणीला नव्हत्या, दहा जणींनी ती पाहिली, आणि उरलेल्या दहा जणी पाहून झाल्यावर स्वतः तीन मिनिटं त्याच पट्ट्यावर, नवऱ्याने गाठलेल्या वेगाला आणि चढाला चालल्या. नवऱ्याच्या ताकदीवरचा विश्वास ठळकपणे वाढला तो या शेवटच्या दहा जणींचा. नुसतं बघून तो तेवढा वाढला नाही. (‘तुम्ही उठू नका, मी देते पाणी’ हे वाक्य ज्या घरात ऐकू येतं, तिथे याचं मोल लगेच कळेल.) पुढल्या महिन्यांत नवरा ट्रेडमिलवर किती तग धरेल, याचा अंदाजही दोघांच्या भरवशावरून चांगला बांधता आला.

१९९२मध्ये बेस मार्कस आणि सहकाऱ्यांनी व्यायामापुरता हा भरवसा मोजायला पाचच प्रश्नांची पट्टी केली. थकलेले असाल, मूड नसेल, वेळ नसेल, सुट्टीवर असाल, बाहेर पाऊस किंवा बर्फ पडत असेल, तरी व्यायाम कराल याची खात्री किती?